आखूड चोच

चोचकाकांचं केस कापण्याचं दुकान गल्लीच्या वळणावर होतं, पण त्यांचं नाव झालं ते दुकानाच्या वर, गच्चीत. तिथे त्यांची कबुतरांची ढाबळ होती. जाळीची, पत्र्याच्या छपराची, रोज सकाळी खराट्यानं लख्ख झाडलेली. त्या ढाबळीत ते आखूड चोचीची कबुतरं वाढवायचे. साध्या कबुतराच्या निम्मीसुद्धा चोच नाही. वाटोळं डोकं, फुगीर गाल आणि मधोमध गव्हाचा दाणा चिकटवल्यासारखं काहीतरी. प्रदर्शनात परीक्षक ती चोच पट्टीनं मोजायचे आणि माना डोलवायचे. घरातल्या काचेच्या कपाटात पेले आणि ढाली इतक्या कोंबल्या होत्या, की दार उघडलं की एखादी पायावर पडायचीच. गल्लीनं त्यांना 'चोच' म्हणायला सुरुवात केली ती टिंगल म्हणून. त्यांनी ती पदवी समजून अंगाला लावून घेतली, आणि पुढे ते सगळ्यांचेच चोचकाका झाले.

माणूस तोंडाळ. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असला की वाद जिंकणं सोपं जातं, असं ते स्वतःच सांगायचे. आणि देवभोळेही तेवढेच. प्रार्थनाघरात पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. देवानं एकेक जीव स्वतःच्या हातानं, आज आहे तसाच घडवला, हत्ती हत्तीसारखा आणि मुंगी मुंगीसारखी, यावर त्यांची श्रद्धा पक्की. "त्याच्या कामात माणसानं नाक खुपसू नये," असं दिवसभर दुकानात बजावायचे आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन नाक खुपसायचे.

नाक खुपसायची रीत अशी. पिल्लं निघाली की काका काही दिवस थांबायचे. पिसं फुटायला लागली, चोचीचा आकार ध्यानात यायला लागला, की एकेक पिल्लू तळहातावर घेऊन उजेडाकडे धरायचे. चोच मनाजोगती आखूड असली तर पिल्लू परत घरट्यात. जरा लांब वाटली की अंगठा आणि पहिलं बोट मानेपाशी, एक हलका पीळ, आणि पिल्लू बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. डबा भरला की गल्लीतल्या मांजरांची चंगळ. काकांच्या चेहऱ्यावर यातलं काही दिसायचं नाही. गिऱ्हाइकाच्या कानामागचा चुकार केस काढावा तितक्याच सहज ते पिल्लू काढून टाकायचे.

या आखूड चोचीची एक अडचण होती. पिल्लाला तिनं अंड्याचं कवच फुटत नसे. आतून टोचत राहायचं, टोचून टोचून थकायचं आणि आतच जायचं. म्हणून दिवस भरत आले की काका अंडं कानाशी धरायचे, टकटक ऐकायचे आणि नखानं नेमक्या जागी टवका काढून पिल्लाला बाहेर काढायचे. बाहेर आलेल्या पिल्लाला आईबापांना भरवता यायचं नाही, कारण त्यांच्याही चोची तसल्याच. मग ते पिल्लू साध्या कबुतरांच्या जोडीखाली ठेवायचं. त्या जोडीची स्वतःची पिल्लं आधीच डब्यात गेलेली असायची. जागा नको का व्हायला?

काकांना एकच लेक. आई लवकर गेली, त्यामुळे पोर गच्चीवर ढाबळीच्या सावलीतच वाढली. शाळेत नुकतीच जाऊ लागली होती, तेव्हा तिनं एकदा लांब चोचीचं एक पिल्लू दप्तरात लपवलं. दप्तरातून आवाज यायला लागला आणि चोरी पकडली गेली. काका रागावले नाहीत, ओरडले नाहीत. तिला गच्चीवर नेलं, पिल्लू तिच्या हातात दिलं आणि तिची बोटं स्वतःच्या हातानं त्याच्या मानेवर नीट ठेवली.

"आता तूच कर."

"नको ना, बाबा."

"दया येते ना? मग शिकून घे. हळू केलंस तर त्यालाच जास्त दुखेल."

तिनं केलं. हळू केलं. काका म्हणाले तसंच झालं.

पोर हुशार निघाली. जीवशास्त्र शिकली. लग्न झालं, सासरी गेली. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा टिकलं नाही. दुसऱ्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर काका रात्रभर बसून होते. सकाळी परिचारिका बाहेर आली आणि तिनं नुसती मान हलवली, तेव्हा भिंतीकडे तोंड करून ते रडले होते. पुढे नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं ते कायमचं. गल्लीनं कुजबुज केली, पण तोंडावर कुणी काही बोललं नाही. तेवढी लाज गल्लीला होती. लेक शाळेत जीवशास्त्र शिकवू लागली, बापाबरोबर राहू लागली, आणि लोक तिला मास्तरीण म्हणू लागले. बापलेकीचं बरं चाललं होतं. ती सकाळी त्यांचा जेवणाचा डबा भरायची, ते संध्याकाळी भाजी आणायचे. तिच्या पुस्तकांबद्दल ते विचारत नसत आणि त्यांच्या ढाबळीत ती पाऊल टाकत नसे.

ठिणगी पडली ती शाळेच्या पुस्तकातल्या एका धड्यावरून. जीवांच्या जाती हळूहळू बदलत जातात, एकीतून दुसरी घडते, असा तो धडा. आधीचे शिक्षक तो 'घरी वाचून या' म्हणून सोडून द्यायचे. मास्तरणीनं तो फळ्यावर चित्रं काढून शिकवला. एका मुलीनं घरी जाऊन विचारलं, की आपल्याला देवानं केलं नाही का. तिचा बाप शाळेच्या समितीवर होता आणि प्रार्थनाघरात दानाचं तबकही फिरवायचा. तक्रार गेली. प्रार्थनाघराचे उपदेशक मोठे गोड माणूस. ते म्हणाले, भांडण कशाला, समोरासमोर चर्चाच ठेवू. शाळेच्याच सभागृहात. बाईंनी त्यांचं मांडावं, आम्ही आमचं मांडू, लोक ठरवतील.

मास्तरीण हो म्हणाली. काकांनी तिला अडवलं नाही. "उपदेशकांपुढं तुझी डाळ शिजायची नाही," एवढंच म्हणाले आणि सभेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत जाऊन बसले.

सभागृह खचाखच भरलं होतं. उपदेशक आधी बोलले. बोलण्यात साखर पेरलेली. "आमच्या चोचकाकांच्या दुकानात रोज पोतंभर केस खाली पडतात," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं पडतात. त्या केसांची आपोआप विणून टोपी झालेली, काका, तुम्ही कधी पाहिलीत का?" लोक खदखदून हसले. काकांनी उठून हात जोडले. छाती फुगली होती.

मग मास्तरीण उठली. तिच्या हातात बापाच्या कबुतरांचे फोटो होते. काकांच्या तरुणपणीच्या पहिल्या जोडीपासून ते गेल्या प्रदर्शनात पहिल्या आलेल्या नरापर्यंत. कपाटावरच्या चौकटींतूनच तिनं ते काढून आणले होते. तिनं ते एकापुढे एक लावले.

"ही चोच बघा आणि ही बघा," ती म्हणाली. "एका माणसाच्या हयातीत इतका फरक पडला. कसा पडला ते मला माहीत आहे, कारण मी ते बघत वाढले. ज्याची चोच लांब, त्याची मान पिरगाळायची. पुन्हा पुढच्या पिढीत तेच. आमच्या घरी बिस्किटांचा एक डबा आहे. त्यात बिस्किटं कधीच नव्हती. त्यातलं एक पिल्लू मी स्वतः मारलंय, माझ्या वडिलांनी माझ्या बोटांवर बोटं ठेवून शिकवलं म्हणून."

तिनं बापाकडे पाहिलं नाही.

"ही चोच इतकी आखूड झालीय, की पिल्लाला स्वतःचं अंडं फोडता येत नाही. देवानं हा पक्षी असाच घडवला म्हणत असाल, तर अंड्यात गुदमरून मरण्यासाठीच त्यानं तो घडवला असं म्हणावं लागेल. मला वाटतं, देवावर एवढा मोठा आरोप करण्यापेक्षा माझ्या वडिलांवर केलेला बरा. माझ्या वडिलांनी जे थोड्या वर्षांत हातानं केलं, ते थंडीनं, उपासमारीनं, शिकारी जनावरांनी लाखो वर्षं केलं. धड्यात एवढंच आहे."

लोक काकांकडे बघत होते. त्यांची गिऱ्हाइकं, त्या गिऱ्हाइकांच्या बायका, केस कापून झाले की गोळी मागणारी पोरं. मागून कुणी बाई "अगं बाई, पिल्लं मारतात?" असं म्हणाली ते काकांना स्पष्ट ऐकू आलं. चारचौघांत कपडे उतरवावेत तसं त्यांना झालं, आणि उतरवणारी पोटची पोर. ते उठून उभे राहिले. उपदेशकांनी चटकन ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात दिला.

"माकडातून माणूस निघाला, असं शिकवते माझी लेक," काका म्हणाले. आवाज दुकानातलाच, गिऱ्हाइकाला हसवायचा. "माकडाचं राहू द्या हो. हिच्यातून काय निघालं ते विचारा."

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग मागच्या रांगेत एकजण फिस्सकन हसला, त्याच्या शेजारचा हसला, आणि मग सगळं सभागृह हसलं. बायकासुद्धा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. उपदेशकांनी तोंडावर रुमाल धरला, पण त्यांचे खांदे हलत होते.

मास्तरणीनं एकेक फोटो उचलला, कडा जुळवल्या आणि ती पायऱ्या उतरून निघून गेली. काकांना वाटलं होतं, घरी गेल्यावर रडेल, भांडेल, ताटं आपटेल. मग आपणही चार शब्द बोलू आणि मिटवू. घरी गेले तर तिनं स्वयंपाक करून ठेवला होता. फोटो पुन्हा चौकटींत बसवलेले. तिनं त्यांना वाढलं, भांडी घासली आणि सकाळी एक बॅग घेऊन ती दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेली. शाळेनं तिला काढलं नाही. समिती दयाळू होती. तिचं जीवशास्त्र काढून घेतलं आणि तिला सुलेखनाचे तास दिले. बाई रोज पोरांना अक्षरांची वळणं गिरवायला लावू लागल्या.

इकडे काकांचा भाव वधारला. उपदेशक त्यांना आपल्याबरोबर गावोगावच्या सभांना नेऊ लागले. आधी उपदेशकांनी केसांच्या टोपीचा दृष्टान्त द्यायचा, मग काकांना उभं करायचं: "आता एका बापाचे शब्द ऐका." काका उठायचे, वाक्य म्हणायचे, लोक हसायचे. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की जुनं गिऱ्हाईक कोपरखळी मारायचं, "काका, ते सांगा की यांना." काका सांगायचे. सुरुवातीला तोंडात खडीसाखर असावी तसं वाटायचं. पुढे पुढे नुसतंच वाक्य उरलं. एकदा परगावच्या सभेत ते म्हणाले, "आज घसा बसलाय." उपदेशक प्रेमानं हसले आणि त्यांनी ते वाक्य स्वतःच म्हणून टाकलं, काकांच्या आवाजाची नक्कल करून. लोक जास्तच हसले. काका खुर्चीवर बसून होते. दवाखान्याचा बाक त्यांना का आठवला, त्यांनाच कळलं नाही.

मग हात थरथरायला लागले. आधी उजवा, मग डावाही. वस्तरा हाताखालच्या कारागिराकडे गेला आणि काका गल्ल्यापाशी बसून गप्पांपुरते उरले. दुकान चालून गेलं असतं, पण कवच फोडायला तसले हात चालत नाहीत. अंड्यांचे दिवस भरत आले, आतून टकटक सुरू झाली. काकांनी पहिलंच अंडं हातात घेतलं आणि नख पिल्लाच्या डोळ्यात गेलं.

कारागिराला वर बोलावलं. त्याची बोटं जाड. त्यानं अंडं चिरडलं आणि "माझ्याच्यानं व्हायचं नाही" म्हणून तो हात धूत खाली गेला. काकांनी उपदेशकांना निरोप धाडला. ते आले, नाकाला रुमाल लावून ढाबळीत वाकले, अंड्यांवर हात धरून त्यांनी प्रार्थना केली.

"ज्यानं घडवलं तोच सोडवील," ते म्हणाले.

"पण यांना फुटत नाही ना. नखानं जरासं…"

"काका, तुमच्या तोंडी असं शोभत नाही."

सकाळी काकांनी ती अंडी कानाशी धरली. आतून काही येत नव्हतं.

आता उरली ती त्यांच्या सगळ्यात नामी जोडीची दोन अंडी. असा आखूड वंश परत होणार नव्हता. इस्त्रीवाल्याच्या तोंडून त्यांनी लेकीला निरोप दिला, की बाप आजारी आहे, येऊन जा. ती शाळा सुटल्यावर तशीच आली, हाताला खडू लागलेला. गच्चीवर येताच तिला कळलं, की आजारपण बापाच्या हातांत आहे आणि निरोप अंड्यांसाठी आहे.

"धर," काका म्हणाले. "कान लाव."

तिनं अंडं कानाशी नेलं. "टोचतंय."

"म्हणून तर बोलावलं. तुझी नखं चांगली आहेत. मी सांगतो कुठून ते."

"कुठून ते मला माहीत आहे." ती पालथ्या बादलीवर बसली. अंडं तळहातावरच होतं. "ही चोच कुणी केली, बाबा?"

"ही वेळ आहे का वाद घालायची?"

"सभागृहात वेळ तुम्ही निवडली होती. आज मी निवडते."

"अगं, मरेल ते."

"मरेल. या गच्चीवर त्यात नवं काय?"

काका तिच्याकडे बघत राहिले. बायकोचं नाक, स्वतःची हनुवटी. त्यांना वाटलं, हिला गोंजारावं, झालंगेलं विसर म्हणावं. पण ती गोंजारायला आली नव्हती. अंड्यातून पुन्हा आवाज आला. इतका बारीक, की दुसऱ्या कुणाला कबुतरांच्या घुमण्यात तो ऐकूच आला नसता. या दोघांनाच तेवढा तो ऐकू यायचा.

"देवानं केली," काका म्हणाले.

"मग देव येईल फोडायला."

"तू एवढी निर्दय कधीपासून झालीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, शिकून घे म्हणून."

ऊन पत्र्यावरून खाली सरकलं. काका उभेच होते, दोन्ही हात काखेत दाबून, थरथर दिसू नये म्हणून. एवढं एक वाक्य म्हणायला काय जातं, असं कुणालाही वाटेल. उपदेशकांना कळलंही नसतं. पण काकांचं त्यात सगळं जात होतं. चोच देवानं केली होती तोवर डबाही देवाचाच होता. चोच त्यांनी केली म्हटलं, की डब्यातलं एकेक पिल्लू त्यांच्या नावावर येऊन बसणार. आणि पिल्लांच्या मागोमाग बाकीचंही येणार, हे त्यांना आतून ठाऊक होतं.

टकटक थांबली. मग पुन्हा आली, पण तुटक.

"मी केली," काका म्हणाले.

"कशी?"

"फोड आता, म्हटलं ना मी."

"कशी केली?"

"लांब चोचीची मारून. वेचून वेचून मारून." त्यांनी काखेतला हात काढून अंड्याकडे केला. "तुझ्या हातूनसुद्धा एक मारून घेतलं. आणि त्या दिवशी सभेत तुलाही… अगं, फोड ना."

तिनं नख लावलं. टवका निघाला, पडदा फाटला, कवच उघडलं. आत पिल्लू होतं. ओलं, पिवळसर, डोळे मिटलेलं. मान एका बाजूला कलंडली ती तशीच राहिली. तिनं त्याच्यावर फुंकर घातली, बोटानं पाठ चोळली, पुन्हा फुंकर घातली. मग ते बापाच्या हातावर ठेवलं. त्या हातावर ते हललं, पण हलत होता तो हातच.

"उशीर झाला," ती म्हणाली, बस चुकल्यासारखं.

उरलेलं अंडं तिनं न विचारता उचललं, न बोलता फोडलं. ते पिल्लू जगलं. साध्या जोडीखाली ठेवून ती जिना उतरायला लागली. मधल्या वळणावर तिची पावलं थांबली. काकांनी वरून हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून मारायची ते त्यांना सुचलं नाही. मग पावलं खाली गेली.

पुढच्या प्रार्थनेला काका नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि उपदेशकांचं बोलणं संपता संपता उभे राहिले. त्यांनी मनाशी वाक्यं घोळवून आणली होती. त्यांना उभं राहिलेलं बघून लोकांचे चेहरे आधीच खुलले.

"त्या कबुतरांची चोच देवानं केलेली नाही," काका म्हणाले. "ती मी केली."

कुणीतरी हसलं. बाकीचे पुढच्या वाक्याची वाट बघत तोंडं हसरी करून बसले.

"हसू नका. मी पिल्लं मारली. पोर सांगत होती ते खरं होतं. मी तिला जे बोललो…"

'पोर' हा शब्द आला आणि सभा फुटली. आता येणार ते वाक्य, असं समजून लोक आधीच हसत सुटले. काका हात वर करून "ऐका, ऐका" म्हणत होते, आणि ते हात असे थरथरत होते, की मागच्यांना तेही सोंगच वाटलं. उपदेशक खाली आले. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना अलगद खाली बसवलं आणि सभेकडे वळून ते वाक्य म्हणून टाकलं. काकांच्या शेजारचा म्हातारा हसता हसता त्यांच्या मांडीवर थाप मारत राहिला.

त्यानंतर ते प्रार्थनाघरात गेले नाहीत. कुणी विचारायलाही आलं नाही. वाक्य उपदेशकांना पाठ होतंच. कबुतरं एका शौकिनानं नेली. त्यानं निवडून बक्षिसाची तेवढी नेली. उरलेल्यांना ढाबळीचं दार उघडून दिलं, तर ती बाहेरच जाईनात. गेली ती कठड्यापर्यंत, आणि तिथे मांजरं होती.

जिन्यात पडून काकांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा लेकीनं त्यांना आपल्या खोलीवर नेलं. गल्लीनं तिचं कौतुक केलं, बघा, शेवटी रक्ताचं नातं. ती त्यांना वेळेवर औषध द्यायची, अंथरूण बदलायची, कुशीवर वळवायची. एखादी चांगली परिचारिका करील ते सगळं. बोलणं कामापुरतं. घरात एकच खिडकी होती, आणि तिच्यापाशी बसून ती पोरांच्या सुलेखनाच्या वह्या तपासायची. काका तिच्या पाठीकडे बघत पडून राहायचे. एवढी वर्षं बडबड करून काढलेल्या माणसाला दिवसचे दिवस ऐकणारं कुणी मिळत नव्हतं.

रविवारी ती त्यांची दाढी करायची. त्यांचाच वस्तरा, त्यांचाच ब्रश. गळ्याखालची कातडी ताणून धरायची ती अगदी बरोबर, धंद्यातल्या माणसासारखी. एका रविवारी फेस लावलेला असताना काकांनी तिचं मनगट धरलं. त्यांच्या हाताबरोबर वस्तराही थरथरायला लागला.

"मला माफ केलंस का गं?" त्यांनी विचारलं.

तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि हात चादरीवर ठेवून दिला.

"बोलू नका," ती म्हणाली. "कापेल."

मग तिनं दाढी पुरी केली, पाण्यानं चेहरा पुसला, आरसा दाखवला. कुठे एक केस राहिला नव्हता, कुठे ओरखडा नव्हता. काकांनी आरशात पाहिलं आणि सवयीनं मान डोलवली. ती तोवर वस्तरा धुवायला आत गेली होती.